पालम्माचे पाय

अंबरपेठेतल्या त्या फंक्शन हॉलात एरवी लग्नं लागतात. शुक्रवारी सकाळी तिथे बाळं वाढायची. डोळ्यांदेखत, कुणी थेंबभर काही न पाजता.

छतातून साखळी, साखळीला डिजिटल काटा, काट्याला पितळी पाळणा. पाळण्याखाली झेंडूचा ढीग, आणि शेजारी मखमली आसनावर पालम्मा. पालु म्हणजे तेलुगूत दूध, म्हणून ही दुधाची आई. तिचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. नियम असा, की बाळ लाल ओढणीत झाकून आणायचं, चेहरा उघडायचा नाही आणि पाळण्याजवळ वाकायचं नाही. दृष्ट लागते.

माइकवर बबलूभाई. "देखो अम्मा लोगाँ! आदमी झूट बोलता, काटा झूट नहीं बोलता!"

पडद्यावर पहिलं वजन उमटायचं. मग पालम्मा डोळे मिटून घुमायची, भजनाचा आवाज छताला टेकायचा, आणि दुसरं वजन उमटायचं. तीनशे ग्रॅम जास्त, कधी चारशे.

"बढ़ गया!" बबलूभाई किंचाळायचा. सासवा रडायच्या. सुना थकव्यामुळे रडायच्या, पण तेही भक्तीच्या खात्यात जमा व्हायचं.

"एवढी मोठी बाई, पन पायाला हात लावू देत नाही बगा," माझ्या शेजारच्या पार्वतीबाई सांगायच्या. "गर्व म्हनून नाही."

पार्वतीबाई मूळच्या नांदेडकडच्या. मुलगा नागसेन सिकंदराबादला रेल्वेत, सून रेणुका बँकेत, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. नात सुजाता, चार महिन्यांची. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. हल्ली फ्रेमच्या खाली पालम्माचं कॅलेंडर. दोघांनी एका भिंतीवर कसं निभावलं, ते खिळ्यालाच ठाऊक.

कॅलेंडरवर दूध पाजायचे मुहूर्त होते. राहुकालात पाजायचं नाही, यमगंडात नाही, दुर्मुहूर्तात तर मुळीच नाही. दूध विषारी होतं. मधल्या वेळी पोर रडली तर पालम्माची प्रसादाची पूड पाण्यात कालवून चमचाभर. दिवसाला चार मुहूर्त मिळायचे. उरलेला वेळ सुजाता रडायची, आणि रडणं भिंतीतून माझ्याकडे यायचं.

हळूहळू ते यायचं थांबलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "लेकरू शांत झालं, अम्माची कृपा." मी पाहायला गेले. शांत कसली, पोरीत रडायची ताकद उरली नव्हती.

"मावशी, मला दूधच कमी येतंय," रेणुका म्हणाली. "अम्मा म्हणाली होती, येणारच नाही."

त्याच दिवशी मी तिला डॉक्टर पद्मावतींकडे नेलं. त्यांनी सुजाताला काट्यावर ठेवलं. मागच्या महिन्यापेक्षा वजन घटलं होतं.

"असं कसं?" रेणुका म्हणाली. "पालम्माकडे दर शुक्रवारी वाढतं. मोठ्या पडद्यावर."

मुहूर्त, पूड, सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग वाढतंय ते पोरीचं की काट्याचं, ते आधी बघा. आणि दूध कमी येतंय, कारण मागणी कमी आहे. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध बनतं. तुम्ही दुकान बंद ठेवलंय आणि म्हणताय, माल का बनत नाही. ती मागेल तेव्हा पाजायचं. ओठ चाळवले, मूठ तोंडात घातली, की पाजायचं. रडायची वाट बघायची नाही. दुपटी वरचेवर ओली होतायत का पाहा. दोन दिवसांनी परत आणा, मी वजन बघते. ती पूड आजच मोरीत."

घरी परतताना रेणुकाने रिक्षातच पाजायला घेतलं. पोर पदराखाली होती, आणि अकरा वाजले होते. राहुकाल. अंबरपेठेच्या सिग्नलला ती म्हणाली, "मावशी, मला ती बाई हवीय."

"पोलिसात जाऊ."

"जाऊ की. आधी मला हवीय."

पुढच्या शुक्रवारी सुजाताला घेऊन मी हॉलच्या मागच्या रांगेत बसले. पार्वतीबाई पहिल्या रांगेत, त्यांना काही सांगितलं नव्हतं. रेणुकाचा नंबर आला. लाल ओढणीत झाकलेलं, वर कानटोपी दिसणारं गाठोडं तिने पाळण्यात ठेवलं. पडदा म्हणाला, पाच किलो शंभर.

"क्या गहरी नींद है बच्चे की!" बबलूभाई म्हणाला.

पालम्मा घुमली. भजन वाढलं. पाच किलो पाचशे.

"बढ़ गया!"

"थांबा बबलूभाई," रेणुकाने त्याच्या हातातला माइक काढून घेतला. "अम्मा, माझं बाळ खरंच वाढलं?"

"संशय नको तल्ली, पोरी," पालम्मा उदारपणे म्हणाली. "भरलंय. गालावर बघ."

रेणुकाने ओढणी ओढली. पाळण्यात सोनामसुरी तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी होती, डोक्यावर सुजाताची कानटोपी घातलेली.

"गाल कुठेत, अम्मा?"

भजनवाल्याचं पेटीवरचं बोट तिथेच राहिलं. एक सूर बराच वेळ वाजत होता.

"तांदळाला तुमची कृपा लागते म्हणजे तुम्ही किराणा दुकान टाकायला हवं," रेणुका म्हणाली आणि झेंडूच्या ढिगात हात घातला. हाताला मासे धरायचा नायलॉनचा दोरा लागला. पाळण्याच्या बुडापासून निघून, जमिनीतल्या कडीतून तो मखमलीखाली गेला होता. तिने ओढला. पालम्माचा उजवा पाय साडीतून सरळ बाहेर आला. अंगठ्याला दोरा पक्का बांधलेला.

तिने पुन्हा ओढला. पाय पुन्हा आला. खरं तर एकदा पुरे होतं. तिने पाच-सहा वेळा ओढला.

पार्वतीबाई उठल्या. पालम्माच्या पायाशी वाकून त्यांनी अंगठ्यावरची गाठ चाचपली. "म्हनून हात लावू देत नव्हती व्हय गं?"

तेवढ्यात मागे सुजाताने सूर लावला. आठवडाभर पोटभर पिऊन आता तिच्यात रडायची ताकद आली होती. मी तिला पुढे नेलं.

"उठ," पार्वतीबाई पालम्माला म्हणाल्या. "नातीला भूक लागलीय."

"अब्बी राहुकाल है..." बबलूभाई सवयीने बोलून गेला. नंतर तो दिसला नाही.

पालम्मा एका पायावर उभी राहिली, दोरा रेणुकाच्या मनगटाला गुंडाळलेला. रेणुका त्या मखमली आसनावर ऐसपैस बसली, पार्वतीबाईंनी आपला पदर आडोशाला धरला, आणि सुजाता प्याली. भर राहुकालात. विष वगैरे काही चढलं नाही. झोप चढली.

मी पोलिसांना फोन लावला. ते येईपर्यंत आयांनी पालम्माला त्याच साखळीखाली, कडं करून बसवलं. पंखे बंद होते.

"पाणी द्या कुणीतरी," ती म्हणाली.

पार्वतीबाईंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं, चष्मा लावला, बोट फिरवलं. "बारापर्यंत राहुकाल. मग जरा वेळानं दुर्मुहूर्त. पानी विषारी होईल अम्मा. रडू आलं तर सांगा, पूड कालवून देते."

पाणी शेवटी पोलिसांनी दिलं. मी देऊ शकले असते. बाटली माझ्याच हातात होती.

सुजाता आता डॉक्टरांच्या काट्यावर वाढते, कुणाचा अंगठा न लागता. पार्वतीबाईंच्या भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फक्त खिळा आहे. दोऱ्याचा तुकडा त्याला टांगलाय, पाहुण्यांना दाखवतात.

बाळाला पंचांग कळत नाही, भूक कळते. ते मागेल तेव्हा पाजा. वजन वाढत नसेल तर डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी. आणि कुणी पायाला हात लावू देत नसेल, तर त्याचा नम्रपणा नंतर वाखाणा. आधी पाय बघा.