सतराव्या गाडीचं शून्य

सकाळी साडेदहाला रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातले संगणकांचे सगळे पडदे एकदम काळे झाले आणि मावशींचा चहाचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

बावीस वर्षं मावशींनी वहीवरून रुग्णवाहिका पाठवल्या होत्या. त्या वहीत एक खाडाखोड नाही, हा त्यांचा तोरा. गेल्या आठवड्यात वही कपाटात गेली आणि नवी यंत्रणा आली. ती बसवणारा इंजिनियर म्हणजे मावशींचा सख्खा भाचा, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

भाच्याने यंत्रणा पुन्हा चालू केली. गाड्यांची यादी वाचता वाचता ती पुन्हा कोसळली. राखीव संगणक असल्याच वेळेसाठी ठेवलेला! त्यानेही तीच यादी वाचली आणि तोही आडवा झाला.

"बाहेरून कोणीतरी यंत्रणेत घुसलंय," भाचा घामाघूम होऊन म्हणाला.

फोन मात्र खणखणत होते. मावशींनी वही ओढली आणि वायरलेसवर गाड्या सोडायला सुरुवात केली. बघता बघता वहीतल्या सोळाही गाड्या बाहेर पडल्या, आणि नेमका तेव्हाच एका माणसाचा फोन आला.

"बायकोच्या छातीत दुखतंय हो! घामाने भिजलीय. लवकर पाठवा!"

"पाठवते. फोन ठेवू नका," मावशी म्हणाल्या खऱ्या, पण पाठवणार काय? सगळ्यात लवकर मोकळी होणारी गाडीही अर्ध्या तासावर होती.

साडेदहाला आपण काय करत होतो? प्रश्न मनात आला आणि उत्तरही आठवलं. सकाळीच आलेली कोरी करकरीत सतरावी गाडी त्यांनी यंत्रणेत भरली होती. सरासरी वेगाचा रकाना होता. गाडी एकदाही धावलेली नाही, तिच्यावर अजून ड्रायव्हरही आलेला नाही अशी त्यांची समजूत; मग वेग कुठून आणायचा? वहीच्या पहिल्या पानावर त्यांचाच नियम होता: रकाना रिकामा सोडू नये, माहीत नसेल तर शून्य.

त्या ओरडल्याच, "अरे, मीच केलंय हे! सतराव्या गाडीचा वेग शून्य टाकलाय!"

भाचा गर्रकन वळला. "शून्य? मावशी, गाडी पोचायला किती वेळ लागेल हे काढताना यंत्रणा अंतराला वेगाने भागते. शून्याने भागायचं म्हटलं की कोलमडतेच!"

"मग मला विचारायचं नाही का तिने?"

"विचारायला हवं होतं," तो ओशाळून म्हणाला. "ते मीच लिहिलं नाही."

"रडगाणं नंतर! चाळीस टाक!"

त्याने यंत्रणा बंद ठेवून नुसती यादी उघडली, आकडा बदलला आणि बटण दाबलं. सोळा गाड्या वाचून झाल्या. सतरावी आली. पडदे उजळलेच राहिले!

नकाशावर त्या माणसाच्या घराजवळ एक ठिपका लुकलुकत होता. मोकळी गाडी, चार मिनिटांवर, क्रमांक सतरा. ड्रायव्हर आणि डॉक्टर तिच्यात केव्हाच येऊन बसले होते, फक्त मावशींना ते ठाऊक नव्हतं, कारण वहीत तिची नोंदच नव्हती.

"सतरा, निघा!" मावशी वायरलेसवर किंचाळल्या.

ती चार मिनिटं दोघंही फोनला कान लावून बसले. आधी भोंगा ऐकू आला, मग त्या माणसाचा आवाज, "आली! आली हो गाडी! डॉक्टर आत गेले!"

मावशींना हसू आणि रडू एकदमच फुटलं. डोळे पुसून त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड केली. शून्य खोडून वर लिहिलं, "विचारा." मग वही भाच्यापुढे सरकवली.

"आता हेच तुझ्या यंत्राला शिकव."