वीस मिनिटांचा सूर्यथांबा

टोपी आणलीय ना? मग बसा निवांत. मी टॅमरॅक फॉल्सचं बेसबॉलचं मैदान बोलतोय. वय शंभरीच्या घरात, पण गवत पाहा अजून कसं तजेलदार आहे. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण दुसरं कोण करणार?

मला बांधलं लाकडाच्या गिरणीचा मुकादम गुस्ताव लिंडस्ट्रॉम याने. तेव्हा सामने फक्त रविवारी, प्रार्थना आटोपली की भर दुपारी व्हायचे. म्हाताऱ्यांना फार चालायला नको म्हणून गुस्तावने बाकडी चर्चच्या दारालगत मांडली, तोंड मावळतीकडे करून. सूर्य डोक्यावर असताना कुणाचं काय अडतंय? पुढे दिव्यांचे खांब आले, सामने संध्याकाळी सुरू झाले आणि मग सगळ्यांना गुस्ताव आठवला. फलंदाजाचंही तोंड मावळतीकडेच, त्याला चेंडूच दिसेना.

मग पंच खेळ थांबवू लागला. सूर्य गिरणीच्या धुराड्याआड जाईपर्यंत, चांगली वीस मिनिटं. गावाने त्याला नाव दिलं सूर्यथांबा. तेवढ्या वेळात एक सोडून एक रांग, आळीपाळीने, उन्हाकडे पाठ करून बाकावर उलटी बसे; बाकीच्या टोप्या पुढे ओढून बसत. त्यामुळे वळलेल्याचं तोंड मागच्या रांगेतल्या माणसासमोर. किती भांडणं मिटली, किती सोयरिकी जुळल्या, काय सांगू! कुणाच्या पुढे बसायचं हे लोक घरूनच ठरवून येत. सगळ्यात वरची रांग वळली की तिचं तोंड चर्चच्या भिंतीकडे, म्हणून तिथे गावातले तिरसट बसत.

माझी निगा राखायचा एल्रॉय हॅस्केट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माणूस अबोल. अकरा उन्हाळे तो चौथ्या रांगेत बसला, कारण पाचव्या रांगेत शिवणकाम करणारी मार्लीन बसायची. तीही एकटीच. तो वळायचा आणि बोलायचा काय, तर हवापाणी आणि गवत. मला अस्सा राग यायचा! अरे बाबा, गवताचं मला सांग, तिला दुसरं काही सांग.

अशात बेसबॉल संघटनेचं पत्र आलं. उन्हापायी खेळ थांबतो, असं मैदान चालायचं नाही. तपासनीस येऊन पाहील आणि त्याने नाकारलं तर गावचा संघ शहरात जाईल. संघ गेला की माझं काय? मोटारी लावायची जागा!

तपासनीस आले. प्रेंटिस त्यांचं नाव, गळ्यात टाय, हातात घड्याळ. बसले कुठे, तर नेमके एल्रॉयच्या जागेवर. त्या दिवशी एल्रॉय दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. तो पायरीवर नुसता उभा राहिला. तपासनिसाला उठवायचं कसं? माझा जीव त्यांच्या हातात होता.

सूर्यथांबा झाला, चौथी रांग वळली, प्रेंटिसही वळले. समोर मार्लीन, मांडीवर चेरीचा केक. तिने त्यांना एक तुकडा दिला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, ही जागा एल्रॉयची आहे. अकरा वर्षं तो इथून मला पावसाचा अंदाज सांगतोय. आज दाढी करून आलाय. म्हणजे आज पावसाचं बोलणार नाही, असं वाटतंय."

प्रेंटिस उठले आणि एल्रॉयला हाताला धरून बसवलं. तो बसला, मागे वळला आणि घसा खाकरला. काही बोलेचना. सूर्य धुराड्याआड गेला. पंचाने खेळाडूंना बोलावलं.

प्रेंटिसनी हात वर केला. "पाच मिनिटं थांबा."

"सूर्य गेला साहेब."

"मी तपासनीस आहे," प्रेंटिस म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर अजून येतोय."

सगळ्या गावाने कान टवकारले. वरच्या रांगेतले तिरसटसुद्धा भिंतीकडून वळले. मग एल्रॉय बोलला. काय, ते नाही सांगणार. गवताचं नव्हतं एवढं खरं.

प्रेंटिसनी अहवालात लिहिलं, 'ऊन सोसण्याजोगं आहे.' संघ इथेच राहिला, मीही राहिलो.

आता माझी बाकडी करकरतात, रंग उडालाय, तरी मजेत आहे. या कधीतरी संध्याकाळचे. फक्त कुणाच्या पुढे बसताय, ते नीट बघा. एल्रॉय आणि मार्लीन दोघंही आता पाचव्या रांगेत बसतात, शेजारी शेजारी. सूर्यथांबा झाला तरी ती दोघं वळत नाहीत. एकाच टोपीआड डोळे बारीक करून उन्हाकडे बघत बसतात.