ज्या हाकेवर ती पिले आली

मी आक्की, एक जुनी गावरान कोंबडी आहे. देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका मळ्यात मी अकरा वेळा पिले काढली. माझ्याआधी दाण्याला चोच लावण्याचे धाडस त्या अंगणात कोणी केले नाही. तेव्हा मित्रांनो, चुळबुळ न करता ऐका.

१९९४ सालच्या थंडीत मालकीण छबूबाई यांचा मुलगा आदिनाथ याने मांसासाठी वाढवायची वीस पांढरी पिले आणली. उबेसाठी डालग्याखाली बल्ब लावला. पण वीज सारखी जाई. दोन दिवसांत तीन पिले गारठून मेली. मी तेव्हा माझी अंडी उबवीत होते. छबूबाईंनी ती काढून घेतली आणि उरलेली सतरा पिले माझ्या पंखांखाली सरकवली.

"आई, टोचून मारील ती! कंपनीची पिल्लं हायती," आदिनाथ हसला.

"तू गप. तिला माया कळती, कंपनी न्हाई. आक्के, जगव एवढी. दोन तुझ्याजवळच ठेवीन बघ."

तो शब्द मी खरा मानला.

पिले जड होती, आळशी होती; त्यांना धड उकरताही येईना. पण एक शिस्त मी त्यांना लावलीच: दाणा दिसला की मी हाक द्यायची आणि सर्वांनी धावत यायचे.

सातव्या आठवड्यात राहात्याचे व्यापारी सूर्यभान टेम्पो घेऊन आले. माणसे पाहताच पिले उसात शिरली.

"पळवू नका, वहिनी. दम लागून मरत्याल," ते म्हणाले.

छबूबाईंनी माझ्यापुढे मूठभर बाजरी टाकली. मी सवयीने हाक दिली. सतराच्या सतरा आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाय धरून उचलली गेली.

"आई, आक्कीला दोन ठेवायची म्हनली हुतीस ना?"

"तिला कुठं मोजता येतंय?"

मला मोजता येत नाही, हे खरे; हे सारे आकडे माणसांच्या तोंडून ऐकलेले. पण त्या संध्याकाळी पंख पसरून मी बसले, तेव्हा खाली एकही नव्हते.

मित्रांनो, कोंबड्या पाळा, हवे तर खा. माझी तक्रार ती नाही. परंतु ज्याला जाब विचारता येत नाही, त्याला दिलेला शब्द आधी पाळा. आणि पोरांना बोलावणारी आईची हाक फासा म्हणून वापरू नका.

आता माझ्याजवळ नवी पिले आहेत. छबूबाई दाणे टाकतात. मी त्या दाण्यांवर पाय रोवून उभी राहते आणि तोंड उघडत नाही. पिले भुकेने माझ्याकडे पाहत राहतात.