मी काही जड उचलत नाही

चौतीस वर्षं मी लोकांची घरं हलवली. कपाटं, फ्रीज, शिलाई मशीनं, एकदा तर एका म्हाताऱ्या मास्तरांचा पियानो, तोही चौथ्या मजल्यावरून. सामान हलवण्यात माझा हात धरणारा कंपनीत कोणी नव्हता. मला सगळे ‘क्रेन’ म्हणायचे. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला झापायचो, “उचलायचं नसतं रे गाढवा, सरकवायचं असतं. खाली जाड चादर घाल, फळी लाव आणि ओढ. उचलतो तो मूर्ख.” एवढी अक्कल बाहेर वाटली आणि घरी येऊन स्वतः मूर्खासारखा उचलत बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोची डावी बाजू गेली. सकाळी तिच्या हातातून कप पडला आणि पाठोपाठ ती पडली. त्याच महिन्यात मी निवृत्त झालो, तेवढं एक बरं झालं. मूलबाळ आम्हाला नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत, मग आंघोळीला, पुन्हा पलंगावर, असं दिवसातून आठ-दहा वेळा मी तिला दोन्ही हातांवर घ्यायचो.

“लग्नात नाही उचललंत ते,” ती म्हणायची, “आता हौस फेडून घेताय.”

“तेव्हा माझी पाठ कंपनीची होती,” मी म्हणायचो. “आता घरची झाली.”

अशी आमची थट्टा चालायची. जीभ तिची दोन्ही बाजूंनी शाबूत होती.

एका सकाळी न्हाणीघराच्या दारात तिला घेऊन वळताना माझ्या कंबरेत काहीतरी निसटल्यासारखं झालं. उजव्या कुल्ल्यापासून पार अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला मी टाकलं नाही. खुर्चीत बसवलं आणि मग भिंतीला धरून उभा राहिलो.

“काय झालं हो?”

“काही नाही. पायाला मुंग्या आल्यात.”

आठ दिवस गरम पाण्याची पिशवी घेतली, मलम चोळलं. शिंक आली तरी ब्रह्मांड आठवायला लागलं तेव्हा दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलण्यात घाई नव्हती. तिनं फोटो काढायला लावले आणि टेबलावरचा प्लास्टिकचा कणा माझ्यापुढे धरला. “हे बघा काका. दोन मणक्यांच्या मध्ये अशी गादी असते. धक्का खाणं हे तिचं काम. तुमची ही खालची गादी मागच्या बाजूनं फुगून बाहेर आलीय आणि शेजारच्या नसेला टेकतेय. दुखणं कंबरेचं, पण कळ पायात उतरते ती त्यामुळे.”

“कापावं लागेल?”

“लगेच कशाला? बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत, फार तर तीन महिन्यांत आपोआप निवळतं. नुसतं पडून राहू नका, थोडं थोडं चाला. व्यायाम दाखवते ते करा. पायातली कळ वर सरकत कंबरेत आली तर घाबरू नका, ती सुधारणा समजायची. पण पायातला जोर गेला किंवा लघवी अडली, ताबा सुटला, तर त्याच क्षणी यायचं.” मग तिनं पेन उचललं. “आणि महत्त्वाचं. घरात काही जड उचलता का?”

“नाही,” मी म्हणालो. “मी काही जड उचलत नाही.”

आता कोणी म्हणेल, म्हातारा खोटं बोलला. बोललोच. खरं सांगितलं तर ही बाई म्हणणार, बायकोला एखाद्या संस्थेत ठेवा, तिथे माणसं असतात. आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं त्याच्या आईला तसं ठेवलं होतं. मी एकदा भेटायला गेलो होतो. बारा पलंगांची खोली आणि बाराही तोंडं दाराकडे. माझ्या बायकोचं तोंड मला तिथे बघायचं नव्हतं. पण हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की जड काय उचलता या प्रश्नाला ‘बायको’ हे उत्तर माझ्या तोंडातून निघेना. जड म्हणजे कपाट. तिला मी त्या यादीत कशी घालू? ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि गोळ्या घेऊन घरी आलो.

व्यायाम मात्र मी इमानेइतबारे केले. जमिनीवर पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची, दहा मोजायचे. ती पलंगावरून बघायची. “सरड्यासारखे दिसता,” म्हणायची. “माशी आली की सांगते.” मी हसायचो, उठायचो आणि तिला उचलायचो. व्यायामानं मिळवलेलं त्या एका उचलण्यात जायचं. कळ फारच आली तर न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायचा, मग कण्हायचं. आपल्याला वाटतं, काय हुशारी केली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाई कोड्यात पडली. “काका, एव्हाना फरक दिसायला हवा होता. व्यायाम करता ना? काही उचलत नाही ना?” मी पुन्हा मान हलवली. ती म्हणाली, अजून महिनाभर बघू, नाहीतर नसेजवळ इंजेक्शन देऊ. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, डॉक्टर खूश आहेत.

त्याच दिवशी जेवताना तिनं अर्धा भात ठेवला.

मग ते रोजचं झालं. भूक नाही. तोंडाला चव नाही. पाणी पुढे केलं तर, “आत्ताच प्यायले की, तुम्ही बाहेर होतात तेव्हा.” पाच वेळा संडासला न्यावं लागायचं ते तीनवर आलं, मग दोनवर. आणि मी काय केलं? मी मनातल्या मनात खूश झालो. हे लिहिताना लाज वाटते, पण झालो. तेवढ्या कळा वाचल्या.

त्याहून वाईट पुढे आहे. हळूहळू ती मला उचलायला सोपी जायला लागली. पूर्वी दात आवळावे लागायचे, आता सहज हातांवर यायची. पायातली कळही गुडघ्याच्या वर राहायला लागली. मला वाटलं, व्यायामाचा गुण आला. इतकी वर्षं वजनं हाताळलेला माणूस मी, कपाट नुसतं हलवून आत कपडे आहेत का भांडी ते सांगणारा, आणि माझ्या हातांवरची बायको महिनाभर कमी कमी होत होती ते मला कळलं नाही. मी डॉक्टरीणबाईला जाऊन सांगितलं, खूप बरं आहे. तिलाही बरं वाटलं. तिनं मला चहा पाजला.

अकराव्या आठवड्यात बायकोला थंडी वाजून ताप भरला. बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं. मी रुग्णवाहिका बोलावली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडांना जंतूंचा संसर्ग झालाय, तो रक्तात गेलाय. अंगात पाणीच नाही. “हे एका दिवसाचं नाही. यांना खायला-प्यायला कोण देतं?” मी म्हणालो, मी देतो. पलंगालाच वजनाचा काटा होता. छप्पन्न किलोची माझी बायको पंचेचाळीसवर आली होती.

मग एक नर्स आली. अंगानं बारीक, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिनं बायकोच्या खाली गुळगुळीत चादर सारली, दोन पलंगांच्या मध्ये फळी टाकली, मदतनीस बाईला त्या बाजूला उभं केलं आणि दोघींनी मिळून तिला अलगद या पलंगावरून त्या पलंगावर सरकवलं. कोणी काही उचललं नाही. मी बघत राहिलो.

“ही फळी विकत मिळते?” मी विचारलं.

“मिळते की. संडासच्या खुर्चीला लावायचीही मिळते. आम्ही घरच्यांना शिकवतोही.” मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही कसं करायचात, काका?”

बारा खाटांच्या खोलीला भिऊन मी डॉक्टरीणबाईशी खोटं बोललो होतो. खरं बोललो असतो तर बहुधा हीच फळी पुढे आली असती.

दुसऱ्या दिवशी बायको थोडी शुद्धीवर आली. मी चमच्यानं पाणी दिलं, ती प्यायली. मी म्हणालो, “का केलंस असं?”

“तुम्ही नळ सोडून कण्हायचात,” ती म्हणाली. “बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर यायचा नाहीत. मला काय कान नाहीत?”

“मला सांगायचं होतंस.”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?” ती दमली. थोड्या वेळानं म्हणाली, “मला वाटलं, थोडी हलकी झाले तर तुमची कंबर टिकेल. कंबर टिकली तर मला घरी ठेवाल.”

“तुला मी कुठे पाठवणार होतो का?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली.

मी तिच्या चालत्या हाताची बोटं धरून बसलो. तिनं मान वळवून आणखी पाणी मागितलं, आणि मी तिला सगळा पेला पाजला. पण आता पाण्यानं भागण्यासारखं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. व्यायाम नाही, गोळ्या नाहीत. नुसता चालायचो, कारण घरात बसवत नव्हतं. सकाळी बाहेर पडायचो ते दुपारी परत यायचो. दोन महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाईचा फोन आला, तपासणीला का आला नाहीत म्हणून. मी गेलो. तिला काही माहीत नव्हतं.

तिनं मला टेबलावर उताणं झोपवलं आणि टाच धरून उजवा पाय सरळ वर उचलायला सुरुवात केली. “दुखलं की सांगा.” पाय वर गेला. आणखी वर गेला. पार छताकडे गेला. कुठे कळ नाही, मुंगी नाही, काही नाही. माझी कंबर ठणठणीत बरी झाली होती. तिला हवी होती तेवढी विश्रांती मिळाली होती.

“वा काका! बघा, म्हटलं नव्हतं मी?” ती म्हणाली. आणि मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि घाईघाईनं पाय खाली ठेवला. “अहो, दुखलं का? मग सांगायचं नाही का?”

“नाही दुखलं,” मी म्हणालो. “अजिबात दुखलं नाही.” आणि त्या टेबलावर पडल्या पडल्या मी लहान मुलासारखा रडायला लागलो.