फितीच्या अलीकडे

"थांबलास तर तंगडी मोडून हातात देईन!" चांगू मागून ओरडला.

पुढे पळणाऱ्या येसाजीने मान वळवली नाही. कुडपणच्या माळावरून खाली उतरणारी पायवाट इथे मोकळ्या दगडांतून जाते. मान वळवणाऱ्याचं थोबाड फुटायला फार वेळ लागत नाही.

"दादा, पोटात कळ आली!"

"येऊ दे. कळ काय तुझी सासू हाय? आली तशी जाईल. त्या जांभळीपर्यंत चल, मग बघू."

जांभूळ आली आणि गेली. मग चांगूने पुढचा कातळ दाखवला, कातळ गेल्यावर पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, वळण. कळ कुठे गेली ते येसाजीलाही कळलं नाही.

या दोघांच्या मागे, चांगलाच मागे, चांगूचा सोबती रामा होता. रामा पळत होता असं म्हणवत नाही. तो पळण्याच्या बेतात होता. चार पावलं टाकली की त्याला कमरेची तंबाखूची चंची घट्ट करावी लागे. पण आवाज खणखणीत. "पळा रे पळा! मी हाय मागं!" असं तो वरून ओरडला की खालच्या दोघांना हसू येई आणि हसता हसता पाय उचलत. शिमग्यापासून दर सकाळी हे चाललं होतं.

चांगू चाळिशीचा. दोन म्हशी, उतारावरचं नाचणीचं रान आणि आवडी नावाची तिखट बायको एवढा त्याचा संसार. आवडी म्हणायची, "म्हस सुटली तरी उठत नाय तुमी, आता कोनाच्या मागं पळता?" तिचं खोटं नव्हतं. चांगूने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही धावपळ केली नव्हती. त्याला एकच गोष्ट यायची, आणि ती सबंध कुडपणला ठाऊक होती: सोबत करणं. कुणाला कचेरीत जायचंय, कुणाला पोलादपूरच्या डॉक्टरकडे न्यायचंय, कुणाची लेक सासरी पोचवायचीय, की चांगूला हाक. दमलेल्या माणसाला बोलत बोलत चार कोस कसं चालवायचं हे त्याच्याकडून शिकावं. चालवलेला माणूस इच्छित ठिकाणी पोचल्यावर चांगू बाहेर ओट्यावर बसून राही. आत काय झालं हे त्याला सहसा कुणी सांगत नसे.

म्हणूनच ठमाबाई त्याच्याकडे आली होती. येसाजी तिचा धाकटा. थोरला महिपती मुंबईच्या गिरणीत गेला होता, तेव्हा त्याला दासगावच्या बंदरापर्यंत सोबत चांगूनेच केली होती. चार वर्षांनी महिपती परत आला तो खोकत, आणि त्याच पावसात गेला. आता घरची नाचणी दोन तोंडांना सहा महिने पुरते, पुढचं काय म्हणून येसाजीही मुंबईच्या गोष्टी करू लागला होता. गावचा मुरारी गिरणीतून रजेवर आला होता. "अपने खात्यात जगा हाय. जॉबर वळखीचा हाय, भरती त्योच करतो," असं तो चारचौघांत सांगत फिरे.

"चांगू, याला तरी नको पोचवू रे बाबा तिकडं," ठमाबाई म्हणाली होती. एवढंच म्हणाली. डोळ्यांना पदर लावला असता तर चांगूला काहीतरी समजुतीचं बोलता आलं असतं.

त्याच आठवड्यात पोलादपूरच्या बाजारात शर्यतीची जाहिरात लागली. महाडच्या कुठल्याशा व्यायाम मंडळाने भरवलेली. पोलादपूर ते महाड, अकरा मैल. पहिला येईल त्याला मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब वकील कचेरीत पट्टेवाल्याची जागा मिळवून देणार. दुकानदाराने एवढं वाचून दाखवलं, तेवढ्यात मीठ घ्यायला गिऱ्हाईक आलं आणि खालचा बारीक छापलेला मजकूर राहिला. तो ऐकायला हे तिघे थांबलेही नाहीत. पट्टेवाल्याची जागा! म्हणजे महाड. म्हणजे शनिवारी संध्याकाळी निघालेला माणूस रविवारी आईच्या चुलीपुढे.

"काकी," चांगूने त्याच दिवशी जाऊन सांगितलं, "येसू महाडला ऱ्हानार. माझा शबूद."

शब्द देताना माणसाला काही वाटत नाही. मग मात्र चांगूची झोप उडाली.

येसाजी पळे चांगला. हरणासारखा वगैरे नव्हे, पण न थकता. त्याचा दोष एकच, मनात शंका आली की पाय ढिले पडत. "दादा, म्हाडची पोरं तालमीतली. दूध पितात."

"दूध पितात, आपन म्हशी चारतो. जास्ती कोन चालतो?"

"आनी नाय जमला तर?"

मुरारीची बोट शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी होती. पावसाळ्याआधीची शेवटची. नाही जमलं तर येसाजी त्याच बोटीने जाणार, हे ठरलेलं होतं आणि तिघांपैकी कुणी ते बोलत नव्हतं. शेवटच्या पंधरा दिवसांत चांगूने त्याला इतकं पळवलं की रामासुद्धा चिडला. "मारशील त्याला. मग पट्टा कोनाच्या गळ्यात घालशील?"

शर्यतीचा दिवस वैशाखातला. पोलादपूरला सकाळी सात वाजता एकोणीस जण रेघेवर उभे राहिले. त्यात कुडपणचे तीन. चांगू आणि रामा नावापुरते. येसाजीला एकट्याला पळायची सवयच नव्हती. निशाण पडलं आणि धुरळा उठला.

रामा दुसऱ्या मैलाच्या दगडाला बसला. "जा रे! मी हाय मागं!" हे मात्र तो दोघं दिसेनासे होईपर्यंत ओरडत होता.

सावित्रीच्या काठाने रस्ता सपाट होता आणि हीच पंचाईत होती. डोंगरात पाय ठेवायला दगड शोधावा लागतो, त्यात मन गुंतून राहतं. इथे नुसती पांढरी खडी, तापत चाललेली. चांगू येसाजीच्या खांद्यामागे हातभर अंतर ठेवून पळत होता आणि अखंड बोलत होता. "ती गाडी दिसते? तिथवर. बैल पांढरा हाय का तांबडा सांग बघू. आता तो आंबा." एकेक गडी मागे पडत गेला. सातव्या मैलाला पुढे एकच उरला, पायात कॅनव्हासचे बूट घातलेला महाडच्या तालमीतला तरुण. तो अचानक वाकडा झाला आणि पोटरी धरून लंगडू लागला.

येसाजी त्याला ओलांडून गेला. चांगूही गेला असता. पण लंगडणारा माणूस दिसला आणि त्याचं तोंड आपोआप सुरू झालं. "अंगठा वर वढ रे. असा. टाच दाब. हा. आता हळूहळू चल, बसू नको. बसलास की संपला. त्या वडापर्यंत चल."

"दादा!" येसाजी पुढून ओरडला. "त्याला कशाला?"

"वाटेतला मानूस हाय रे," चांगू म्हणाला आणि धापा टाकत पुन्हा येसाजीच्या मागे लागला.

महाड दिसलं तेव्हा येसाजीच्या पुढे कुणी नव्हतं. चांगूच्या छातीत भाता चालला होता, तरी त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, वाजंत्री, टोप्या, छत्र्या. "येसू, पोचलास रे! पोचलास!" तो म्हणाला.

शेवटचं वळण संपलं आणि रस्त्यावर आडवी बांधलेली तांबडी फीत दिसली. तिच्या पलीकडे खुर्च्या, खुर्च्यांवर भाऊसाहेब वकील, मामलेदार आणि टोपीवाला एक गोरा साहेब.

येसाजी फितीपाशी आला आणि थांबला.

यात आश्चर्य वाटावं असं, निदान कुडपणच्या माणसाला, काही नव्हतं. पटकीच्या साथीत पोलादपूरच्या वेशीवर असाच दोर बांधला होता आणि तो ओलांडला म्हणून दोघांना पोलिसांनी दिवसभर उन्हात बसवलं होतं. टोलनाक्यावर आडवा बांबू असतो. कचेरीत साहेबाच्या मेजापुढे कठडा. आडवं काही बांधलेलं दिसलं की थांबायचं, हात जोडायचे आणि पलीकडच्याने "ये" म्हणेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांना चालायला शिकल्यापासून ठाऊक होतं. येसाजीने हात जोडले.

लोक ओरडू लागले. वाजंत्रीत धड ऐकू येईना. "तोड! तोड!" असं काहीसं. भाऊसाहेब उभे राहून हात हलवत होते, या म्हणून की मागे सरा म्हणून, कळत नव्हतं.

चांगू येऊन येसाजीच्या शेजारी उभा राहिला.

"दादा," येसाजीने विचारलं, "तोडा म्हनतायत. जाऊ का?"

साहेबलोकांनी बांधलेली वस्तू तोडायला सांगणारे लोक आपल्याला गोत्यात आणतात, एवढं चांगूला चाळीस वर्षांत नक्की कळलं होतं. त्याने येसाजीचा दंड धरला.

"थांब," तो म्हणाला. "बोलवू दे त्यांना."

मागून बुटांचा आवाज आला. तालमीतला तरुण दोघांच्या बाजूने वाऱ्यासारखा गेला आणि छातीने फीत तोडून पलीकडे खुर्च्यांपुढे जाऊन पडला. एकदम टाळ्या झाल्या. कुणी त्याच्या गळ्यात हार घातला. फितीचा तुकडा चांगूच्या पायाशी येऊन पडला, तरी चांगूने येसाजीचा दंड सोडला नव्हता.

तो तरुण भला होता, हे सांगायला हवं. उठून बसल्याबरोबर त्याने भाऊसाहेबांना सांगितलं, "हे दोघे माझ्या आधी पोचले होते. माझी पोटरी धरली तेव्हा यांनीच मला उभं ठेवलं."

भाऊसाहेबही वाईट नव्हते. त्यांनी खिशातून जाहिरात काढली, चष्मा लावला आणि खालचं बारीक छापलेलं वाचलं. जो फीत तोडील तो पहिला. त्यांनी ते दोनदा वाचलं. "अहो, पण थांबलात कशाला?" ते कळवळून म्हणाले. "आम्ही सगळे ओरडत होतो. आता साहेबांच्या समोर निकाल झाला, मी काय करू?"

चांगूने येसाजीचा दंड सोडला.

येसाजीला दुसऱ्या नंबरचा पितळी तांब्या मिळाला आणि चांगूला धोतर. दोघं बाजारपेठेतल्या एका पायरीवर बसून राहिले. तासाभराने रामा आला. वाटेत त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कुडपणवाला सर्वांत पुढे आहे. तो नाचत आला, टोपी उडवत. "येसू पयला! माज्या गावचा येसू पयला!" जवळ येऊन त्याने दोघांची तोंडं पाहिली. चांगूने त्याला सगळं सांगितलं, स्वतः 'थांब' म्हटल्याचंही लपवलं नाही. रामा खाली बसला.

"काकीला मी नाय सांगनार," तो म्हणाला. "मी जातो पुढं. पन मी नाय सांगनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगू येसाजीबरोबर दासगावला गेला. मुरारी ट्रंक घेऊन पुढे चालला होता आणि मुंबईत पोचल्यावर कुठल्या खोलीत उतरायचं ते सांगत होता. येसाजी नीट ऐकत होता. बंदरावर त्याने तांब्या चांगूच्या हातात दिला.

"आयला दे. आनी दादा, तू मनाला लावून घेऊ नको. तू नसतास तरी मी थांबलोच असतो."

ते खरं असेल, नसेलही. चांगूने मान हलवली. त्याला पोराला काहीतरी सांगायचं होतं, कसलंही, पुढच्या आंब्यापर्यंत पुरेल एवढं. पण पुढे नुसतं पाणी होतं. बोट सुटली. महिपती गेला तेव्हा हात हलवत राहिला होता. येसाजीने हात हलवला नाही, तो मुरारीची ट्रंक नीट लावत होता.

कुडपणला चढायला चांगूला दीड दिवस लागला. परतीची वाट तो नेहमी एकटाच चालायचा, पण ती कधी इतकी लांब वाटली नव्हती. वाटेत तो चारदा बसला.

ठमाबाई अंगणात सरपण रचत होती. त्याला बघून ती हात झटकत पुढे आली. तिचा चेहरा इतका मोकळा त्याने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. आतून खिरीचा वास येत होता.

"रामानं सांगितला," ती म्हणाली. "येसू पयला पोचला म्हनून. खरा का रे?"

चांगूने तांब्या तिच्या हातात दिला. "व्हय काकी. सगळ्यांच्या आधी पोचला."

"मग कचेरीत ऱ्हायला का? लगीच?"

ठमाबाईने तांब्या पदराने पुसला. मग हात थांबवून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरून मागे, वर चढणाऱ्या वाटेकडे.

"चांगू," तिने विचारलं, "पयला आलेला मानूस घरी का नाय आला?"

चांगूही वळून वाटेकडे बघू लागला.