पिलू सुटलं

"बिबट्या चालतोय," टीव्हीकडे बघत बळीराम म्हणाला.

कमळीने वाट पाहिली. "बरं, आनि?"

"चालतोय अजून."

"अवं, तुमी मना बिबट्या दाखवताव का बैल?"

बळीराम डोकं खाजवू लागला. जूचंद्रच्या मिठागरात जन्म गेलेला हा माणूस कामाला वाघ होता, पण शब्द खर्चायचे म्हटले की त्याचा हात आखडायचा. बायकोचे डोळे गेले आणि बिचाऱ्यावर हे बोलायचं काम येऊन पडलं.

गेल्या वर्षापासून कमळीच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत गेलं होतं. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. सून जागृती म्हणाली होती, "आई, तुम्हाला आता टीव्ही कशाला? आतल्या खोलीत स्पीकर लावून देते, मस्त गाणी ऐका." पोरगी चांगल्या मनानेच बोलली, पण कमळीला ते झोंबलं. टीव्हीसमोरची जागा सुटली की माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. "मी बगतेय," तिने ठासून सांगितलं, आणि रोज संध्याकाळी बघतच राहिली.

गाण्यांच्या सिनेमाला तिला कुणाची गरज नव्हती. "आता ती खांबामागं जाईल, आता पदर सावरंल," ती सांगायची आणि पडद्यावर अगदी तसंच घडायचं. बळीराम तोंडात बोट घालायचा. सिनेमातलं संगीत तर तिच्या अंगात मुरलं होतं. संकट यायच्या आधी ढोल कसे दबकत येतात आणि कुणी गेलं की सगळी वाद्यं मुकाट होऊन सारंगी एकटी कशी मागे उरते, हे तिला न बघता कळायचं.

जनावरांच्या फिल्मांवर तिचा त्याहून जीव. पण त्यातला माणूस इंग्रजीत बोलायचा, तोही कधीमधी. तिथे तिची सगळी भिस्त नवऱ्यावर.

सकाळीच दोघं वसईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. तिला बाहेर बाकावर बसवून डॉक्टर आत बळीरामशी बोलले. बाहेर येऊन तो म्हणाला, "मोतीबिंदू हाय, कमले. पिकला का काढतील. मंग सगला दिसंल बग तुला, पयल्यासारखा!" तेव्हापासून कमळी तरंगतच होती. यंदा दिवाळीची रांगोळी मीच काढणार, असं तिने जागृतीला बजावूनही टाकलं होतं.

टीव्हीतले ढोल दबकत आले.

"हरनीचं पिलू मागं राह्यलंय," बळीराम म्हणाला. "बिबट्या बसला दबा धरून."

ढोल वाढले, धावले आणि एकदम थांबले. सारंगीसारखं काहीतरी विलायती वाद्य एकटंच वाजू लागलं.

"काय जालं?"

"सुटलं! पिलू सुटलं, कमले! पलालं, गेलं आयशीकडं, काय पन जालं नाय त्याला!"

कमळी हसायला गेली आणि थांबली. ते वाद्य थांबत नव्हतं. सुटलेल्या लेकरामागे असं कुणी रडत नाही. आणि बळीरामचा हा चढा, घाईघाईचा आवाज तिने सकाळी त्या बाकावर ऐकला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा घडाघडा दोनदाच बोलला होता, आणि दोन्ही वेळा आजच.



"मोतीबिंदू नाय ना तो?"

बळीरामची खुर्ची करकरली.

"नस सुकली," शेवटी तो म्हणाला. "दोनी डोल्यांची. आता काय होनार नाय, बोलला."

आत जागृती भांडी लावत होती. कमळीला नवऱ्याचा भयंकर राग आला आणि मग त्याचीच कीव आली. दिवसभर एकट्याने हे पोटात घेऊन तो तिला बिबट्या दाखवत बसला होता. तिने चाचपडत त्याचा हात धरला. तो ओला होता.

"माज्यापाशी आता तुमचंच डोलं हायत," ती म्हणाली. "तेच खोटं बोलाय लागलं तर मी कुटं बगू?"

बळीरामने नाक ओढलं.

"हरनी कुटं हाय?"

"हाय. उबी हाय."

"पलाली नाय?"

"नाय. मान वर करून उबी हाय. पिलू होतं तिकडं बगतेय."

"आनि बिबट्या?"

"खातोय."

कमळीने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि टीव्हीकडे तोंड करून ताठ बसली.

"सांगा," ती म्हणाली.