अकोयामावशीचं बोट

मानेआबात, म्हणजे आमच्या गावच्या सभाघरात, मुंगी शिरायला जागा नव्हती. सरकारने राजधानीहून बोटांचे ठसे ओळखणारं यंत्र धाडलं होतं. म्हातारपणाचा पगार, बोटीचा परवाना, सगळं आता त्याच्यावर. आणि ते मेलं यंत्र निम्म्या गावाला ओळखायलाच तयार नव्हतं! मग उगवले बौरोबुवा.

"यंत्राला बोट दिसत नाही रे, पाप दिसतं!" बौरो गरजायचा. मंतरलेलं खोबरेल बोटाला चोळायचा, डोळे मिटून पुटपुटायचा, की लागला हिरवा दिवा. बाया रडायच्या, पुरुष कोंबड्या नि चटया आणून पुढ्यात टाकायचे.

अकोयामावशीचं बोट मात्र तेल लावूनही लागेना. नवरा आणि मुलगा दोघांनाही समुद्राने नेलेलं; घरात उरली इवलीशी नात, तेबिना. बौरोने नेमकं तिलाच धरलं.

"ही जन्मली नि बाप बुडाला. अवदसा घरातच आहे, म्हातारे. हिला घालव, नाहीतर हिचा शाप सगळ्या घराला बुडवील."

मी म्हटलं, "मावशी, या भामट्याचं काय ऐकतेस?"

"तुला बोलायला काय जातंय? उद्या शापाने पोरही बुडाली तर?"

पुढच्या बोटीने तेबिना दूरच्या बेटावर, चुलत मामाकडे गेली. मावशीचं बोट तरीही लागलं नाही. "शाप मुरलाय," बुवा म्हणाले.

त्याच आठवड्यात आमची नर्स तेरेसिया रजेवरून परतली. ती भर सभेत बौरोला म्हणाली, "बुवा, जरा अंगठा द्या." तिने त्यावर चुलीतली राख चोळली, फडक्याने पुसला, यंत्रावर टेकवला. लाल दिवा!

"अगं बाई, बुवा, केवढं हे पाप!"

सभा खदखदून हसली. मग तिने स्वयंपाकाचं तेल चोळून अंगठा पुसला. हिरवा दिवा.

"कोरड्या कातडीचा ठसा यंत्रावर नीट उमटत नाही. तेलाने कातडी मऊ होते. यात मंत्र कुठला?" मग तिने मावशीचा हात हातात घेतला. "आणि तू जन्मभर काथ्या वळलास. तेल तरी काय करणार? बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्यात. पण नोंदणीत दहाही बोटं घेतली होती ना? करंगळी काथ्याला लागत नाही. ती ठेव बघू."

हिरवा दिवा लागला.

"म्हणजे पोरीचा काहीच दोष नव्हता?" मावशीने विचारलं.

"नाही गं, मावशी."

आता कुणी हसत नव्हतं. दवाखान्याच्या फोनवरून, आजीचं बोट लागल्याचं सांगून, आम्ही तेबिनाला परत बोलावलं.

"आजी, मी गेल्यावर तुझं बोट लागलं ना?" पोर म्हणाली. "मग मी नाही येत. मी आले तर तू बुडशील."

मावशी ओक्साबोक्शी रडली. मलाही राहवलं नाही.

बौरोला आम्ही गावातून हाकललं, पण त्या लेकराच्या मनातून त्याला कोण हाकलणार? हात जोडून सांगतो, बाबांनो, यंत्र अडलं तर ते का अडलं ते विचारा. जाणत्याला विचारा, सरकारला विचारा, भांडा. पण त्याचा दोष घरातल्या पोरीच्या माथी मारू नका.